वास नसलेली ट्यूब

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या मुलाच्या घरातली माशांची टाकी एका कोपऱ्यातून पाझरायला लागली. हल्लीच्या रीतीप्रमाणे त्याने आधी फोनवर चार व्हिडिओ पाहिले आणि मग दादरच्या हार्डवेअरच्या दुकानात निघाला. मला पलीकडे भाजी घ्यायची होती म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. दुकानदाराने सिलिकॉनच्या पाच-सहा ट्यूब काउंटरवर मांडल्या. मुलाने त्यातली एक उचलली आणि पैसे द्यायला फोन काढला, तेवढ्यात मी ती ट्यूब त्याच्या हातून घेतली, चष्मा नाकावर सरकवला आणि मागची बाजू वाचायला लागले. एक वाचून झाली की दुसरी, मग तिसरी. दुकानदार म्हणाला, "आजी, सब सेम है." आजी म्हटल्याचा राग आला तो वेगळाच, पण सेम काही नव्हतं. एका ट्यूबवर बुरशीनाशक असल्याचं लिहिलं होतं, एकीवर न्हाणीघर आणि सिंक यांची चित्रं होती, एकीवर काय काय घातलंय याचा पत्ताच नव्हता. शेवटी एक सापडली. तिच्यावर माशांच्या टाकीसाठी चालेल असं स्पष्ट छापलं होतं, आणि मी झाकण उघडायला लावून हुंगून पाहिलं तर तो ओळखीचा आंबट, नाकात झोंबणारा वास होता. मुलगा तोवर लाजून रस्त्यावरच्या बसेस मोजत उभा होता. त्याला वाटलं, आईचं वय झालं. वय झालंच आहे, पण ट्यूब पालथी करून वाचायची खोड वयामुळे लागलेली नाही. ती लालबागच्या आमच्या खोलीत लागली, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि तिची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

बाबा गिरणीत साळखात्यात होते. साच्यावर धागा तुटला की तो क्षणात जोडायचा, गाठ कापडात दिसता कामा नये, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा चाळीतल्या बहुतेक बापांनी हाताला येईल ते धरलं. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी जाऊन आंब्याची कलमं राखू लागला, बरेचसे वॉचमन झाले. बाबा सहा-सात महिने नुसते बसून होते. त्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण घरातलं माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसलं की त्याच्याकडे बघायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं, त्यामुळे मी खरंच फारसं बघितलेलं नाही. मग परळला राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या जोडीदाराने त्यांना माशांच्या काचेच्या टाक्या करायला शिकवलं. आधी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टी भरून टाक्या व्हायच्या, त्या गंजायच्या आणि कोपऱ्यात गळायच्या. आता नुसती काच काचेला सिलिकॉनने चिकटवायची नवी तऱ्हा आली होती. जोडीदाराला वाटलं होतं बाबांना जमायला महिना लागेल. बाबांना ते दोन दिवसांत जमलं.

काचेच्या कडा ते दगडावर घासून बोथट करत, स्पिरिटने पुसत, पुसलेल्या कडेला मग कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. बंदुकीसारख्या यंत्रातून सिलिकॉनची रेघ सोडत आणि शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवलेलं उजव्या हाताचं बोट वरपासून खालपर्यंत एका दमात फिरवत. मध्ये थांबले तर सांध्यात हवा राहते आणि तिथून पाणी वाट काढतं. ते बोट फिरवताना बाबा श्वास धरून ठेवत, आणि मी नि आईसुद्धा नकळत धरत असू. टाकी झाली की आजूबाजूचे लोक यायचे, सांध्यावरून नख फिरवून बघायचे आणि म्हणायचे की हाताला गुण आहे हो तुमच्या.  त्या दिवशी जेवताना बाबा भात परत मागून घेत.

घरात आमची स्वतःचीही एक टाकी होती, दोन फुटांची, ट्रंकेवर ठेवलेली. तीत चार गोल्डफिश आणि दोन काळे मोली. हवेच्या पंपाची गुरगुर दिवसभर चाले आणि पहाटे नळावर बादल्या लागायच्या आधी खोलीत तेवढाच एक आवाज असे. आता आम्ही मालवणकडचे. आठवड्यातून तीन-चार दिवस ताटात मासे हवेतच, आणि आई बांगडे साफ करायला बसली की विळीवरचा तिचा हात बघत राहावा असा. पण टाकी घरात आल्यापासून तिने एक नियमच करून टाकला. मासे कापायला घेतले की आधी टाकीवर टॉवेल टाकायचा. आतल्यांनी बघू नये म्हणून. बाबा तिची चेष्टा करत, म्हणत की त्यांना काय समजणार, तर ती म्हणे की समजो न समजो, आपल्याला समजतंय ना. माशांचं तिखलं शिजून, जेवणं आटपून, खरकटं निघालं की टॉवेल उचलला जाई आणि मग ती त्या गोल्डफिशना चिमटीने खाणं घाली. तिला यात काहीच विसंगत वाटत नसे. मला तेव्हा हसू यायचं. आता माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये सून बोनलेस काहीतरी फ्रीजमधून काढते आणि टाकीकडे तिचं लक्षही जात नाही, तेव्हा मला आईचा टॉवेल बरा वाटतो.

अडचण एकच होती, वासाची. ते सिलिकॉन वाळताना उग्र आंबट वास सोडतं. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरची बाटली फुटावी तसा, आणि तो दोन-तीन दिवस जात नाही. तो वास म्हणजे माल पिकत असल्याची खूण, त्याने माशांचं काही बिघडत नाही, टाकी आठवडाभर तशीच ठेवली आणि दोनदा पाणी बदललं की तो पार निघून जातो, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा तो फक्त त्रास होता. दुसऱ्या वस्तीत माणूस खोलीचं दार लावून घेईल. आमच्या चाळीत दिवसा दार लावण्याची पद्धत नव्हती. दार लावलं म्हणजे घरात भांडण तरी झालंय किंवा आपण शेजाऱ्यांवर रुसलोय, आणि अर्ध्या तासात कुणीतरी विचारायला येणारच. त्यामुळे एका खोलीतली फोडणी सगळ्या मजल्याची असे, तसा बाबांच्या टाक्यांचा वासही सगळ्या मजल्याचा झाला. शेजारच्या परब काकींना दमा होता. त्या कधी तक्रार करणाऱ्या नव्हत्या. फक्त टाकी वाळत ठेवली की त्या आपली चटई घेऊन गॅलरीच्या पार टोकाला, जिन्यापाशी जाऊन बसत, आणि विचारलं तर म्हणत की इथे वारा छान लागतो. बाबांना ते फार लागे. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते आईला म्हणत.

त्याच सुमारास दादरच्या एका लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी चार फुटी टाकी सांगितली. मुलं इंजेक्शनच्या भीतीने बाहेर रडत बसतात, त्यांना बघायला काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी आजवर घरोघरी टाक्या केल्या होत्या, पण रोज पन्नास माणसं बघतील अशी ही पहिलीच. काच आणली, कापून घेतली, आणि चार फुटांना लागणारं सिलिकॉन म्हणजे केवढा वास सुटणार या विचाराने बाबा अस्वस्थ झाले. एक दिवस मला म्हणाले, चल माझ्याबरोबर लोहार चाळीच्या बाजारात, बिनवासाचं काही मिळतं का बघू. मला नेण्याचं कारण इंग्रजी. मी मराठी शाळेतून इंग्रजी कॉलेजात गेलेली, मजल्यावरची पहिली. कुणाचं टपालाचं पत्र, औषधाची बाटली, पोराचा दाखला, काहीही आलं की माझ्याकडे येई. मी हातातलं काम बाजूला ठेवून, भुवया जरा उंचावून वाचत असे. ते भुवया उंचावणं आठवलं की आजही स्वतःचा कान धरावासा वाटतो.

दुकानदाराने एक परदेशी ट्यूब काढली. म्हणाला, नवीन माल आलाय, वास अजिबात नाही आणि बुरशी कधी लागणार नाही. बाबांचे डोळे चमकले. आमच्या खोलीत पावसाळाभर भिंतींना, ट्रंकेला, चपलांना काळी बुरशी चढायची, आणि टाकीच्या सांध्यातही ती कधीकधी दिसायची. वासही नाही आणि बुरशीही नाही म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं? त्यांनी ट्यूब माझ्या हातात दिली. पुढे मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं होतं, तेवढं मी दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं. मग बाबांनी विचारलं, "मागे काय लिवलेला आसा, बाय?"

मागे बारीक अक्षरांत एक आख्खा परिच्छेद होता. पहिल्या दोन ओळींतच मला न कळणारे चार शब्द आले. दुकानदार माझ्याकडे बघत होता, मागे गिऱ्हाइकं थांबली होती. मला येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी ट्यूब परत काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "पुढे आहे तेच." बाबांनी मान डोलावली. माझं वाचलेलं त्यांनी कधी पडताळून पाहिलं नव्हतं, आणि पाहणार तरी कसं?

ती टाकी झाली तेव्हा मजल्यावर सण असल्यासारखं वाटलं. परब काकी स्वतः येऊन आमच्या दारात बसल्या, नाक पुढे करून हुंगलं आणि म्हणाल्या की खरंच हो, काहीच नाही. बाबांच्या बोटाने इतकी सरळ रेघ मी आधी कधी पाहिली नव्हती. चार दिवस वाळू दिली, पाणी भरून एक रात्र ठेवली, एक थेंब गळला नाही. मग हातगाडीवर जुन्या गोधड्यांत गुंडाळून ती दादरला गेली. बाबा पूर्ण वाट तिच्यावर हात ठेवून चालले. दवाखान्यात रंगीत वाळू घातली, पंप लावला, क्रॉफर्ड मार्केटातून आणलेले मासे सोडले. एक रडणारं पोर रडायचं थांबलं आणि काचेला नाक लावून उभं राहिलं. बाबा माझ्याकडे बघून हसले. घरी उरलेल्या सिलिकॉनने त्यांनी आमच्या दोन फुटी टाकीचा एक जुना, थोडा सुटलेला सांधा खरवडून नव्याने भरून घेतला. ट्यूबच्या तळाशी थोडं उरलं होतं, वाया कशाला घालवा, एवढाच हिशेब.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या वाण्याकडे फोन आला. आम्ही दोघं दवाखान्यात पोचलो तर सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते आणि पाच-सहा मुलं काचेभोवती उभी राहून विचारत होती की ते झोपलेत का. बाबांनी हातानेच एकेक काढून पिशवीत घातले. पाणी बदललं, टाकी धुतली, दोन दिवस नुसती चालू ठेवली आणि पुन्हा मासे सोडले. तेही मेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "राहू द्या आता. मुलं रडतात हो. मी त्यात झाडं लावीन." बाबांनी हात जोडले. घरी आलो तर आई ट्रंकेपुढे बसलेली. आमचे चारही गोल्डफिश गेले होते, मोली पाण्यावर येऊन तोंड उघडत होते, संध्याकाळी तेही गेले. आईने ते सहाही वर्तमानपत्रात बांधून चौकातल्या पारिजातकाच्या मुळाशी पुरले. आयुष्यभर विळीवर मासे कापलेली बाई त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं होतं. पाण्यात क्लोरीन जास्त, मासेच रोगट, कुणी म्हणालं दृष्ट लागली. बाबांनी कशावरच वाद घातला नाही. ते आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत बसत. एकदा आईला म्हणाले, "माझ्या हाताचो गुण गेलो." आईने झटकून टाकलं, असं काही बोलू नये म्हणाली, पण तेच बोलणं मग घरात राहिलं. साच्यावरून हात सुटला तेव्हा त्यांना वाटलं होतं की गिरणी गेली. आता वाटू लागलं की हातच गेला. गिरणीचा दोष गिरणीला देता येत होता. हाताचा कुणाला देणार? पंधरवड्यात त्यांनी वरळीच्या एका नव्या इमारतीत वॉचमनची जागा पक्की केली. काचा जोडीदाराला देऊन टाकल्या. खाकी गणवेश घरी आला, तो त्यांना खांद्यात सैल होत होता म्हणून आई दुपारभर उसवून शिवत बसली. सोमवारपासून जायचं होतं. वॉचमनच्या कामात वाईट काही नाही, आमच्या मजल्यावर चार जण होते आणि चौघांनी पोरं शिकवली. पण बाबा ते काम पत्करत नव्हते, ते स्वतःला मोडीत काढत होते, आणि ते मला दिसत होतं.

गुरुवारी आईने मला त्यांचं सामान पोटमाळ्यावर टाकायला सांगितलं. दगड, पट्ट्या, स्पिरिटची बाटली, बंदुकीचं यंत्र, आणि त्यात अडकलेली ती रिकामी ट्यूब. खिडकीपाशी बसून मी ती सहज उलटी केली. आता मागे गिऱ्हाइकं नव्हती, दुकानदार नव्हता. कॉलेजची डिक्शनरी काढली आणि एकेक शब्द लावत गेले. न्हाणीघराच्या फरशांसाठी. बुरशी मारणारं द्रव्य मिसळलेलं आहे. आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी डिक्शनरीची गरजच नव्हती, शाळेतल्या पोरीलाही वाचता आली असती: माशांच्या टाकीसाठी वापरू नये. मी ती परत वाचली. मग ट्यूब कॉलेजच्या पिशवीत, वह्यांच्या खाली घातली आणि बाकीचं सामान पोटमाळ्यावर ठेवून दिलं.

यापुढचे तीन दिवस लिहायला मला आवडत नाहीत. एका वाक्याने बाबांचं सगळं बदललं असतं, आणि ते वाक्य मी पिशवीत घेऊन कॉलेजला जात होते, परत येत होते, पिठलं-भात खात होते. मला मार बसेल अशी भीती नव्हती, आमच्या घरात मुलींवर हात उचलत नसत. भीती दुसरीच होती. मी त्या घरातली वाचणारी होते. ते काढून घेतलं तर माझ्याकडे काय उरणार होतं? भाकरी माझी जाड व्हायची, शिवण वाकडी जायची. माझं सगळं मोठेपण त्या इंग्रजी अक्षरांवर उभं होतं, आणि तीच अक्षरं मी न वाचता वाचली म्हणून सांगितली होती. शुक्रवारी मी ट्यूब समुद्रात टाकून द्यायची म्हणून माहीमपर्यंत गेले. किनाऱ्यावर कोळणी सुकट वाळवत होत्या. थोडा वेळ उभी राहिले आणि ट्यूब पिशवीतच घेऊन परत आले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाईट माणसं कशी असतात हे मला वाचून कळलेलं नाही, त्या तीन दिवसांत आतून कळलं.

रविवारी सकाळी बाबांनी गणवेश घालून पाहिला. आई गुडघ्यांवर बसून पॅंटीचे पाय टाचत होती. बाबा आरशासमोर उभे होते पण आरशात बघत नव्हते. गॅलरीतून कुणीतरी जाता जाता म्हणालं की वा, साहेब दिसताय, तर बाबा ओशाळं हसले. ते हसणं मला बघवलं नाही. मी पिशवीतून ट्यूब काढून त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, तुमचा हात चुकला नव्हता," मी म्हटलं. "ट्यूब चुकीची होती. मागचं मी दुकानात वाचलंच नव्हतं."

त्यांना पहिल्यांदा काही समजलं नाही. मी शेवटची ओळ इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. बुरशीचं औषध सांध्यातून पाण्यात उतरलं, त्याने मासे मेले, दवाखान्यातलेही आणि आपलेही. बाबांनी ट्यूब हातात घेतली, न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत माझ्याकडे दिली.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आणि माझी जोडणी?"

"जोडणी बरोबर होती. एक थेंब गळला नाही."

आईच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या तिने काढल्या. "कधी कळला तुका?" तिने विचारलं. गुरुवारी, मी सांगितलं. ती म्हणाली, "आणि तीन दिस तू गप रवलंस? ह्यांका बघित?" एवढंच बोलली, पण मला जे ऐकून घ्यायला हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी रडायला लागले. मला वाटलं होतं बाबा रागावतील, निदान दुखावल्या डोळ्यांनी बघतील. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आपला उजवा हात उघडून-मिटून बघत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती चार फुटी टाकी बाबांनी दवाखान्यातून परत आणली, सगळे सांधे पात्याने खरवडून काढले, काचा सुट्या करून पुन्हा घासल्या, आणि जुन्या आंबट वासाच्या सिलिकॉनने जोडल्या. आठवडाभर हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं की चूक कुणाची होती. त्या टाकीतले मासे मग दवाखाना बंद होईपर्यंत पोरांना बघत होते. वरळीचा गणवेश सोमवारी परत गेला. बाबांनी त्यानंतर किती टाक्या केल्या त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक ट्यूबची मागची बाजू मी वाचून दाखवली, लग्नानंतरसुद्धा, रविवारी माहेरी येऊन. न कळलेला शब्द आला की मी आता सरळ म्हणत असे, हा येत नाही. बाबा म्हणत, मग थांब, विचारून येऊ.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारबद्दल. आरशासमोरून बाबा तसेच, अर्धवट टाचलेल्या खाकी पॅंटीत, गॅलरीत गेले. महिनाभर मान खाली घालून नळावर जाणारा माणूस पहिल्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकलात काय? आमच्या चेडवान ट्यूब चुकीची वाचल्यान. माझो हात बरोबर आसा." आतल्या बाईला काही उमगलं नाही. बाबांनी पहिल्यापासून सांगितलं, लोहार चाळ, दुकानदार, बारीक अक्षरं, आणि मी कसं म्हटलं की पुढे आहे तेच. मग पुढचं दार. त्या खोलीतले आजोबा ऐकू कमी येणारे, त्यांच्यासाठी सगळं मोठ्याने. ज्यांची पत्रं मी भुवया उंचावून वाचली होती, जे आपल्या पोरांना माझं उदाहरण देत होते, त्या सगळ्यांच्या दारात बाबा थांबले. सगळी दारं उघडी होती. माणसं बाहेर येऊन माझ्याकडे बघत होती, कुणी हसत होतं, कुणी बाबांच्या पाठीवर थाप मारत होतं. शेवटच्या दारात परब काकी. वास पुन्हा सुरू होणार म्हणून बाबा तिथे जरा अडखळले. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी आपला वासाचाच लावा. मी चार दिस नायगावाक भैणीकडे जातंय." मी आमच्या दाराच्या चौकटीला धरून उभी होते, कान तापलेले, आणि आत पळून जावं असं एकदाही वाटलं नाही. एवढ्या आनंदाने माझी बदनामी त्यानंतर कुणी केली नाही.